लॉगिन अर्ध्यावर राहिलं तर

१ जुलै २०२५ रोजी भारतीय रेल्वेने ‘रेलवन’ हे ॲप आणलं. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या रोजच्या प्रवाशाला मोबाइलवर तिकीट निघतं याचं अप्रूप नव्हतं. ‘यूटीएस’ या जुन्या ॲपवर ते कित्येक वर्षं निघतच होतं. नवं होतं ते एकच लॉगिन. लोकलचं तिकीट आणि पास यूटीएसवर, गणपतीला गावी जायचं आरक्षण आयआरसीटीसीच्या रेल कनेक्टवर, तक्रार करायची तर रेल मदद, असं तीन ठिकाणी विखुरलेलं काम एका जागी आलं. आत शिरायला यूटीएसचं किंवा रेल कनेक्टचं जुनंच खातं चालतं. तिकिटाचे पैसे ठेवायचं आर-वॉलेटही तिथेच. एकदा ओळख पटली की पुढे एम-पिन किंवा बोटाचा ठसा पुरतो.

संगणकाच्या धंद्यात या व्यवस्थेला सिंगल साइन-ऑन म्हणतात. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण तीन खाती होती तेव्हा एकाचं लॉगिन अडलं तरी बाकीची दोन चालायची. एकच लॉगिन असलं की ते अडल्यावर सगळंच अडतं. त्यात यूटीएसच्या कागदाविना तिकिटाला एक अट असायची: ते फलाटावर पोचल्यावर निघत नाही, स्टेशनच्या बाहेरच काढायला हवं. म्हणजे डोंबिवली पूर्वेला रिक्षातून उतरल्यापासून पुलाच्या पायरीपर्यंत जो वेळ मिळेल तेवढाच. त्यात लॉगिन फिरत राहिलं की माणूस खिडकीच्या रांगेत आणि लोकल ठाकुर्लीच्या पुढे.

लॉगिन झाल्यावर पडद्यावर काय दिसावं यासाठी कंपन्यांमध्ये बैठका होतात, रंग ठरतात, स्वागताचं वाक्य ठरतं. लॉगिन फसल्यावर किंवा माणसाने ते स्वतःहून सोडल्यावर काय दिसावं, हे बहुधा शेवटच्या आठवड्यात, ज्याच्याकडे काम कमी आहे त्याच्यावर सोडलेलं असतं. परिणाम आपण रोज बघतो: लाल अक्षरातलं इंग्रजी वाक्य, फिरणारं चक्र, किंवा नुसता पांढरा पडदा. माझं म्हणणं इतकंच की ज्या ॲपने माणसाला ओळख पटवायला दुसरीकडे पाठवलं, त्याच्या परतीची जबाबदारी त्याच ॲपची. बिघाड दुसऱ्याच्या घरी झाला ही सबब तिथे चालत नाही.

हे नीट समजायला घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरचं गेट डोळ्यांसमोर आणा. पाहुणा आला. वॉचमन त्याला ओळखत नाही, म्हणून तो इंटरकॉमवरून फ्लॅटला विचारतो. वरून ‘सोडा’ आलं तर प्रश्नच नाही. पण वरून ‘नको’ आलं, इंटरकॉमच बंद निघाला, रिंग वाजत राहिली आणि कुणी उचललंच नाही, किंवा वॉचमनने मुळात चुकीच्या विंगचा नंबर फिरवला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारही वेळा पाहुणा गेटबाहेरच राहतो. तरी पहिल्या वेळी त्याने निमूट परत जायचं, दुसऱ्या वेळी थोडं थांबायचं, तिसऱ्या वेळी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावायचा, आणि चौथ्या वेळी वॉचमनने स्वतःची चूक सुधारायची. चौघांनाही ‘आत जाता येणार नाही’ एवढंच सांगणारा वॉचमन कामाचा नाही.

आपली बहुतेक ॲप नेमकं तेच सांगतात. आणि गंमत म्हणजे त्यांना फरक कळायची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली आहे.

‘गूगलने लॉगिन करा’, ‘डिजिलॉकरने पुढे जा’ अशा बटणांमागे बहुतांशी ओ-ऑथ २.० नावाचा संकेत काम करतो. तो ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. क्रम साधा आहे. ॲप तुमच्या ब्राउझरला ओळख पटवणाऱ्या साइटवर, म्हणजे ओळख-सर्व्हरकडे, पाठवतं. पाठवताना सोबत एक सहज ओळखता न येणारी खूण देतं, तिला स्टेट म्हणतात. तिथे तुम्ही पासवर्ड किंवा ओटीपी टाकता, माहिती द्यायला संमती देता. मग ब्राउझर ॲपकडे परततो, तीच खूण आणि एक तात्पुरता कोड घेऊन. ॲप तो कोड मागच्या मागे दाखवून खरी ओळख मिळवतं. हा पासवर्ड ॲपला कधी दिसत नाही, हा या सगळ्याचा मुख्य फायदा.

आता हे फसलं तर? संकेतात त्यासाठी सात शब्द नेमून दिलेले आहेत. माणसाने किंवा ओळख-सर्व्हरने नकार दिला तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. ओळख-सर्व्हर कोलमडला तर ‘सर्व्हर एरर’. त्याच्यावर भार आहे किंवा दुरुस्ती चालू आहे तर ‘टेम्पररिली अनअव्हेलेबल’. बाकीचे चार, म्हणजे विनंतीच चुकीची, ॲपला परवानगीच नाही, असे जे आहेत ते जवळजवळ सगळे ॲप बनवणाऱ्याच्या पदरात पडणारे दोष. समोरच्या माणसाने त्यात काही केलेलं नसतं आणि त्याला काही करताही येत नाही.

म्हणून ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य सगळीकडे चिकटवणं मला खोटेपणाचं वाटतं. सर्व्हरवर भार असेल तेव्हा ते बरोबर आहे. पण ॲपवाल्यांनी परतीचा पत्ता चुकीचा नोंदवला असेल तर शंभरदा प्रयत्न करूनही तेच होणार. या दोषात आणखी एक मेख आहे. परतीचा पत्ता नोंदीशी जुळत नसेल तर ओळख-सर्व्हरने माणसाला त्या पत्त्यावर परत पाठवायचंच नाही, असा संकेताचा सक्त नियम आहे. नाहीतर चोराला आपला पत्ता घुसवून कोड पळवता येईल. त्यामुळे माणूस गूगलच्या ‘एरर ४००’च्या पानावर अडकून राहतो आणि ॲपला त्याचा पत्ताच लागत नाही. तसंच, ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझर-खिडकीतून लॉगिन करू गेलं की गूगल ‘एरर ४०३’ देऊन थेट नाकारतं, कारण त्या खिडकीत ॲपला पासवर्ड वाचता येऊ शकतो. मोबाइलवरचं लॉगिन बाहेरच्या खऱ्या ब्राउझरमधूनच व्हावं, असं २०१७च्या आरएफसी ८२५२ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी अशी ॲप अजून भेटतात.

या सात शब्दांसोबत दोष समजावणारं एक वाक्य पाठवायचीही सोय आहे. ते वाक्य कोणत्या अक्षरांत असावं हेही ठरलेलं आहे: अस्की, म्हणजे रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं. देवनागरीचा एक कानाही त्यात मावत नाही. कारण ते वाक्य ॲप बनवणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी आहे, वापरणाऱ्यासाठी नाहीच. तरीही अनेक ॲप ते जसंच्या तसं पडद्यावर उमटवतात. यात भाषेच्या प्रश्नापलीकडे एक धोका आहे. ते वाक्य ब्राउझरच्या पत्त्यातूनच येतं, आणि पत्ता कुणीही रचू शकतो. ‘तुमचं खातं बंद झालं आहे, या नंबरवर फोन करा’ असा मजकूर पत्त्यात घालून लिंक व्हॉट्सॲपवर सोडली, की बँकेच्या किंवा महापालिकेच्या खऱ्याखुऱ्या साइटवर भामट्याचा निरोप झळकतो. म्हणून सातांपैकी शब्द कोणता ते बघायचं आणि त्या त्या शब्दासाठी आधीच लिहून ठेवलेलं स्वतःचं मराठी वाक्य दाखवायचं. आलेलं इंग्रजी वाक्य नोंदवहीत जाऊ द्यावं, पडद्यावर नाही.

नकारापासून सुरुवात करू. डिजिलॉकर संमतीच्या पानावर दोन बटणं देतं, परवानगी देणारं आणि नाकारणारं. कुठली कागदपत्रं हवीत तेही दिसतं. नोकरीच्या अर्जासाठी दहावीची गुणपत्रिका हवी आणि ॲपने मागितलं ड्रायव्हिंग लायसन्सही, तर शहाणा माणूस नाकारणारं बटण दाबणार. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं लिहिलं आहे. अशा वेळी लाल चौकटीत ‘लॉगिन अयशस्वी’ दाखवणं म्हणजे विचार करून दिलेल्या उत्तराला चूक ठरवणं. तिथे लाल रंग नको, ‘एरर’ नको. ‘तुम्ही परवानगी दिली नाही, त्यामुळे कागदपत्रं घेतलेली नाहीत. गुणपत्रिका स्वतः अपलोड करूनही अर्ज पूर्ण करता येईल,’ असं साधं वाक्य पुरतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, लगेच पुन्हा तोच प्रश्न विचारू नये. गूगलची एक सवय इथे घेण्यासारखी आहे. त्यांची लॉगिनची छोटी खिडकी तुम्ही एकदा बंद केलीत तर ती दोन तास वर येत नाही. दुसऱ्यांदा केलीत तर एक दिवस, तिसऱ्यांदा आठवडा, त्यानंतर चार आठवडे. नको म्हटलेलं लक्षात ठेवणारी यंत्रं विरळा.

याउलट काही ॲप ‘नको’ ऐकताच लॉगिनच्या पानावर नेतात, ते पान आपोआप ओळख-सर्व्हरकडे ढकलतं, तिथून नकार परत, पुन्हा लॉगिनचं पान. पत्त्याची पट्टी नुसती लुकलुकत राहते आणि ब्राउझरचं मागे जायचं बटणही काम करेनासं होतं. त्यावर उपाय एका ओळीचा आहे: एकदा फसलं की पुढची फेरी आपोआप सुरू करायची नाही, माणसाने बटण दाबलं तरच करायची.

खरी पंचाईत मात्र नकाराची नाही, मौनाची आहे. सात शब्दांच्या यादीत ‘माणूस उठून गेला’ यासाठी शब्द नाही, कारण तो सांगायला कुणी उरलेलंच नसतं.

डोंबिवलीची एक विद्यार्थिनी घ्या. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत, मग ते कल्याणचं बिर्ला असो, डोंबिवलीचं पेंढरकर असो की ठाण्याचं जोशी-बेडेकर, मुलांना एबीसी आयडी लागतो. एबीसी म्हणजे जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली श्रेयांकांची बँक, आणि तिथे जायचा रस्ता डिजिलॉकरमधून. डिजिलॉकर हा ‘मेरी पहचान’ या राष्ट्रीय सिंगल साइन-ऑनचा एक भाग आहे. ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगरला सुरू झालेल्या या सेवेत डिजिलॉकरसोबत एनआयसीचं जन परिचय आणि सी-डॅकच्या मुंबई केंद्राने घडवलेलं ई-प्रमाण अशा तीन ओळख-सेवा एकत्र आल्या आहेत.

आता समजा ही मुलगी मोबाइलवर कुठल्याशा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते आहे. नाव, आईचं नाव, बँकेचा आयएफएससी, उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर, सगळं भरून झालं. ‘डिजिलॉकरने पुढे जा’ दाबलं. ब्राउझरचं पान उघडलं, मोबाइल नंबर टाकला, ओटीपीची वाट बघणं सुरू झालं. मेसेज आला, पण वरची पट्टी दिसून लगेच गेली. म्हणून ती मेसेजच्या ॲपमध्ये गेली. तेवढ्यात आईचा फोन. फोन संपवून, सहा आकडे तोंडपाठ करून ती परतली, तर फॉर्मचं ॲप पहिल्या पानावर. सगळे रकाने कोरे.

झालं काय? फोनची मेमरी थोडी, व्हॉट्सॲप उघडं, वर कॉल आला. अँड्रॉइडने जागा करायला मागे पडलेलं ॲप बंद करून टाकलं. हा अँड्रॉइडचा दोष नाही, तो तसाच वागतो आणि तसं सांगूनही ठेवतो. ओळख-सर्व्हरच्या दृष्टीने काही चुकलं नाही. ॲपच्या सर्व्हरच्या नोंदीत एक खूण दिल्याची ओळ आहे, परत आल्याची ओळ नाही. कुणाकडेच चुकीची नोंद नाही, आणि मुलीचा अर्धा तास गेला. ती घरी सांगते, साइट हँग झाली.

हे टाळायला करायचं ते सगळं माणसाला बाहेर पाठवण्याच्या आधी करायचं आहे. भरलेला फॉर्म जपून ठेवायचा, आणि तो कुठल्या लॉगिनच्या फेरीशी बांधलेला आहे हे त्या स्टेट-खुणेशी जोडून ठेवायचं. परतल्यावर कुठल्या पानावर न्यायचं तेही तिथेच नोंदवायचं. मात्र परतीचं पान पत्त्यातून उघडंवाघडं पाठवू नये, कारण तिथे भलतीच साइट घालून माणसाला पळवता येतं. मग ॲप पुन्हा समोर आलं आणि उत्तर आलेलं नाही असं दिसलं, की फिरणारं चक्र थांबवायचं. आयफोनवर माणसाने लॉगिनची खिडकी बंद केली तर ॲपला तसा स्पष्ट निरोप मिळतो. अँड्रॉइडवर ब्राउझरचं पान बंद झाल्याचं सहसा कुणी कळवत नाही. आपण समोर आलो आणि हातात काही नाही, यावरून ॲपलाच ओळखावं लागतं. पडद्यावर मजकूर एवढाच: ‘लॉगिन पूर्ण झालं नाही. तुम्ही भरलेली माहिती तशीच आहे.’ खाली दोन बटणं, ‘पुन्हा लॉगिन करा’ आणि ‘नंतर करते’. यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. फॉर्म शाबूत आहे हे कळलं की माणूस शांतपणे पुन्हा ओटीपी मागवतो.

घाई मात्र दुसऱ्या टोकाचीही नको. मेसेज उशिरा येतात. अर्ध्या मिनिटात ‘वेळ संपली’ जाहीर करणारी ॲप, ओटीपी चाळिसाव्या सेकंदाला येऊन पोचल्यावर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. संकेताप्रमाणे परतीचा कोड जास्तीत जास्त दहा मिनिटं टिकावा अशी शिफारस आहे, आणि तो एकदाच वापरता येतो. माणूस दुसऱ्या ब्राउझर-पानावर बसून निवांत ओटीपी टाकतो आहे आणि तीन मिनिटांनी परतला, तर त्याला आत घ्यावं. आपण मधल्या काळात ‘लॉगिन झालं नाही’ म्हटलं होतं म्हणून त्याला परतवू नये.

एकदाच वापरता येणाऱ्या या कोडमुळे आणखी एक नमुना दिसतो. लॉगिन झालं, आत आलो, मग सवयीने मागे जायचं बटण दाबलं. ब्राउझर जुनाच पत्ता पुन्हा उघडतो, जुनाच कोड पुन्हा जातो, आणि सर्व्हर तो फेटाळतो. फेटाळलाच पाहिजे, चोरलेला कोड पुन्हा वापरणारा तसाच दिसतो. पण पडद्यावर ‘सुरक्षेचा भंग आढळला’ असं भयंकर वाक्य येतं आणि घरातली वडीलधारी माणसं फोन खाली ठेवून देतात. बहुतेक वेळा माणूस आधीच आत असतो. तेव्हा तो कोड गुपचूप टाकून द्यावा आणि त्याला त्याच्या पानावर नेऊन सोडावं. खूण जुळली नाही तरी तसंच: लॉगिन कदापि पुढे जाऊ द्यायचं नाही, पण सांगताना ‘हे पान जुनं झालं आहे, पुन्हा सुरू करू या’ इतकंच सांगायचं. आत कडक आणि बाहेर सौम्य असायला प्रोग्रॅमरला काही जास्त खर्च येत नाही.

आतापर्यंतच्या फसण्यात निदान फसलं हे कळतं. एक फसणं असं आहे की ते यशासारखं दिसतं, आणि ते मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

कल्याण स्टेशनबाहेर किंवा उल्हासनगरच्या वाटेवर महा ई-सेवा केंद्रं आणि सायबर कॅफे आहेत. दाखले, शिष्यवृत्ती, पॅन, सगळं तिथे होतं. एक संगणक, दिवसभरात कितीतरी माणसं. सकाळी आलेल्या गृहस्थांनी डिजिलॉकरने लॉगिन केलं, काम झाल्यावर त्या एका साइटवरून ‘लॉगआउट’ केलं आणि गेले. पण लॉगआउट झालं ते फक्त त्या साइटवरून. ओळख-सर्व्हरकडचं सत्र उघडंच राहिलं. मागून आलेल्या बाईंनी बटण दाबलं, तर ना नंबर विचारला ना ओटीपी. सरळ आत, पण त्या आधीच्या गृहस्थांच्या नावाने. संगणक चालवणारा पोरगा घाईत, बाई पडद्याकडे न बघता कागद शोधताहेत. दाखल्याचा अर्ज भलत्याच खात्यातून जातो, आणि पंधरा दिवसांनी तो कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नाही.

सिंगल साइन-ऑन हे एका माणसाचा एक संगणक असं धरून आखलेलं आहे. आपल्याकडे एका संगणकाची अनेक माणसं असतात, एका फोनवर घरातली तीन माणसं असतात. यावर संकेतातच उपाय आहेत. ओपनआयडी कनेक्ट हा २०१४ मध्ये ओ-ऑथवर उभारलेला थर; त्यात ॲपला ओळख-सर्व्हरला सांगता येतं की जुनं सत्र असलं तरी नव्याने ओळख विचार, किंवा कुठलं खातं ते निवडू दे. सार्वजनिक सेवेच्या साइटने हे नेहमीच सांगावं, थोडा त्रास झाला तरी. शिवाय आत आल्यावर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत नाव, आणि शेजारी ‘हे तुम्ही नाही का?’ असं बटण. त्या बटणाने नुसतं ॲपमधून नाही, ओळख-सर्व्हरमधूनही बाहेर काढलं पाहिजे. तेवढं झालं तर केंद्रातला पोरगाही दहा वेळा दुवा देईल.

याचंच घरगुती भावंड म्हणजे रिकामं खातं. गेल्या वर्षी गूगलने आत गेलो होतो की मोबाइल नंबरने, हे कुणाच्या लक्षात राहतं? यंदा दुसरं बटण दाबलं की ॲप आनंदाने नवं खातं उघडून देतं: ना जुन्या ऑर्डरी, ना भरलेल्या फीच्या पावत्या. ॲपच्या हिशेबी लॉगिन शंभर टक्के यशस्वी. आधी याच फोनवरून कुठल्या बटणाने आलात ते बटणाशेजारीच दाखवावं, आणि नवं खातं उघडण्यापूर्वी एकदा विचारावं. ॲपलच्या लॉगिनमध्ये तर ईमेल लपवायची सोय असल्यामुळे जुनं खातं ईमेलवरून शोधणंही जमत नाही. तिथे विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

वागळे इस्टेट किंवा ऐरोलीच्या कंपन्यांतली कथा थोडी वेगळी. तिथे बहुधा सॅमल नावाचा, २००५चा जुना संकेत चालतो. त्यातला ओळखपत्राचा निरोप काही मिनिटांपुरताच खरा मानला जातो, त्यामुळे दोन सर्व्हरची घड्याळं थोडी मागेपुढे झाली की सगळ्या मजल्याचं लॉगिन बंद. हे निस्तरायला आयटीची माणसं असतात, म्हणून पुढे जाऊ.

ओळख-सर्व्हरच पडला तर काय, याचं उत्तर साऱ्या जगाला १४ डिसेंबर २०२० रोजी मिळालं. त्या दिवशी आपल्याकडे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास जीमेल, ड्राइव्ह, मीट, क्लासरूम, यूट्यूब एकदम बंद पडले. ऑनलाइन शाळांचं वर्ष, त्यामुळे घरोघरी पंचाईत. सुमारे पाऊण तासाने सगळं परत आलं. कारण पुढे गूगलनेच सांगितलं: माणसांची ओळख सांभाळणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेला मिळणारी साठवणुकीची जागा आपोआप चालणाऱ्या कोटा-व्यवस्थेने चुकून कमी केली. त्या वेळी अनेकांना एक विचित्र गोष्ट आढळली. लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये यूट्यूब बंद, आणि इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे लॉगिनशिवाय, व्यवस्थित चालू. व्हिडिओचे सर्व्हर ठणठणीत होते. ज्यांना ओळखायचं होतं त्यांनाच बघता येईना. अनोळखी माणसांना काही अडचण नव्हती.

यातून प्रोग्रॅमरने घ्यायचं ते असं की ओळख पटली नाही म्हणजे सगळं बंद, असं समीकरण असू नये. लोकलचं वेळापत्रक बघायला, पाणीकपातीचा दिवस कळायला, मालमत्ता कराची रक्कम नुसती पाहायला लॉगिन कशाला? रेलवनमध्ये फक्त चौकशी करणाऱ्याला मोबाइल नंबर आणि ओटीपीवर पाहुणा म्हणून आत जाता येतं, हा चांगला विचार आहे. आणि जे आधीच आत आहेत त्यांना, बाहेरचा ओळख-सर्व्हर पडला म्हणून, हाताला धरून बाहेर काढायची गरज नसते. ॲपचं स्वतःचं सत्र चालू असेल तर ते चालू द्यावं; पैसे वळते करण्यासारख्या कामालाच पुन्हा ओळख मागावी.

‘सर्व्हर डाउन आहे’ हे आपल्याकडचं सर्वमान्य उत्तर. बँकेत, तहसीलमध्ये, रेशनवर, सगळीकडे ते चालतं आणि त्यावर कुणी उलट विचारत नाही. माणसाला निदान चार गोष्टी कळल्या पाहिजेत: बिघाड कुणाकडे आहे, आपलं काही गेलं आहे का, पुन्हा कधी बघायचं, आणि तोवर दुसरा रस्ता कोणता. शेवटची गोष्ट सगळ्यांत कमी वेळा सांगितली जाते, कारण बहुतेकदा तो रस्ता बांधलेलाच नसतो.

२०२५ मध्ये महाराष्ट्राने हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना १८ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने ई-केवायसी सक्तीची झाली, मुदत दोन महिने. काटेकोर बोलायचं तर हे सिंगल साइन-ऑन नव्हे. पण सांगाडा तोच: एक साइट ओळख पटवायचं काम दुसऱ्या यंत्रणेकडे, इथे आधारकडे, सोपवते आणि उत्तराची वाट बघते. बाईने स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, संमती द्यायची, ओटीपी टाकायचा. मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचाही ओटीपी. पहिल्या काही आठवड्यांत ओटीपी येईना, साइट उघडेना. ओटीपीच्या तांत्रिक अडचणी येत असल्याचं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीरपणे मान्यही केलं. कामावर जाणाऱ्या कितीतरी बायका रात्री उशिरा, भार कमी असेल या आशेने, फोन घेऊन बसायच्या.

भाराचा प्रश्न पैसे खर्च करून सुटतो. आराखड्यातला प्रश्न तसा सुटत नाही. जिचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत, किंवा जिचा घटस्फोट झाला आहे आणि माहेरी वडील नाहीत, त्या बाईने दुसऱ्या पानावर काय टाकायचं? तिचं लॉगिन कुठल्या बिघाडामुळे अडलं नव्हतं. ती नाही म्हणत नव्हती, ओटीपीही उशिरा येत नव्हता. आखणाऱ्यांनी तिच्यासाठी रकानाच ठेवला नव्हता, आणि पडदा मात्र तिला इतरांसारखाच पुढचा क्रमांक मागत राहिला. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवताना सरकारने तिचा वेगळा विचार केला: स्वतःची ई-केवायसी करायची, आणि पती किंवा वडिलांच्या मृत्यूचा दाखला, नाहीतर घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश, याची प्रत आपल्या भागातल्या अंगणवाडी सेविकेकडे नेऊन द्यायची.